पळायला गेला, पळून गेला

आमच्या भाच्याला गल्लीत सगळे 'सावकाश' म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. हा माणूस जेवायला बसला की बाकीच्यांची भांडी घासून होतात. बोलायला लागला की ऐकणाऱ्याला मध्येच उठून एखादं काम उरकून येता येतं. जन्माच्या वेळीसुद्धा त्यानं डॉक्टरला दोनदा घरी परत पाठवलं होतं, असं आमची ताई सांगते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, सावकाशची आई. तिला शब्द वाया घालवलेले आवडत नाहीत. त्यामुळे ती सांगते ते खरं असतंच, फक्त अर्धं असतं. तिच्या ह्या अर्ध्या सांगण्यामुळे एका शनिवार-रविवारात आमची जी तारांबळ उडाली, ती आज लिहायला बसलोय.

सावकाशचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. काचेच्या कपाटात फ्रेमा, भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणारी अक्षरं, मागे पडद्याआड काचेची कड घासायचं चाक. चष्म्याच्या काड्या वाकवायला त्याच्याकडे गरम वाळूचा एक डबा आहे. काडी वाळूत खुपसायची, मऊ झाली की बोटांनी वळवायची, गिऱ्हाइकाच्या कानावर बसवून बघायची, पुन्हा वाळूत. दुसरा दुकानदार हे हां हां म्हणता उरकतो. सावकाश गिऱ्हाइकाला मान डावीकडे करायला लावतो, उजवीकडे करायला लावतो, खाली वाकवतो आणि शेवटी म्हणतो, आता शिंका. मी एकदा विचारलं, अरे, शिंक कशाला? तर म्हणाला, मामा, चष्मा पडतो तो शिंकतानाच पडतो. 

ह्या दुकानात दवाखान्यातल्या सिस्टरबाई यायच्या. तिशी ओलांडलेल्या, चालण्याबोलण्यात चटपटीत, हसल्या की दुकानाच्या बाहेरच्यालाही कळावं असं हसणाऱ्या. दिवसभर रोग्यांवर वाकून काम, त्यामुळे त्यांचा चष्मा घसरायचा आणि स्क्रू सैल व्हायचा. आता सावकाशनं एकदा आवळलेला स्क्रू म्हणजे माणूस म्हातारा होतो पण स्क्रू हलत नाही, अशी त्याची ख्याती. मग सिस्टरबाईंचाच तेवढा दर आठवड्याला सैल कसा व्हायचा, देव जाणे. मी ताईला विचारलं तर ती म्हणाली, "वय झालं." कोणाचं, चष्म्याचं की पोराचं, हे तिनं सांगितलं नाही.

पोराचं वय खरंच झालं होतं. चाळिशी दाराशी येऊन उभी होती. सिस्टरबाईंना एक गोष्ट विचारायची, हे सावकाशनं मनाशी पक्कं केलं त्यालाही बराच काळ लोटला होता. पण स्क्रू आवळताना तोंडात बारीक पेचकस धरलेला असायचा, आणि पेचकस तोंडातून निघेपर्यंत सिस्टरबाईंची ड्युटीची वेळ झालेली असायची.

अशात त्यांच्या भावानं त्यांच्यासाठी एक स्थळ आणलं. भावाची गाडी शिकवायची शाळा आहे. सिस्टरबाई, त्यांची आई, भाऊ सगळे एकत्र राहतात. स्थळ परगावचं, टायरचा व्यापारी. भावाला तो फारच पसंत, कारण गाडी शिकणारी माणसं टायरची काय दशा करतात ते त्याला माहीत. सिस्टरबाई म्हणाल्या, विचार करते. भाऊ म्हणाला, कर, पण सोमवारी सांग, त्यांना कळवायचंय. हे त्यांनी सावकाशला स्क्रू आवळून घेता घेता सहज सांगितलं. मग तितक्याच सहज हेही सांगितलं की त्याच सोमवारच्या आदल्या दिवशी दवाखान्याची मंडळी शहरातल्या मोठ्या शर्यतीत पळायला जाणार आहेत. एक नाव गळालंय. तुम्ही येता का?

सावकाश "येतो" म्हणाला. लगेच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं विचार न करता उत्तर दिलं आणि ते नेमकं हे.

आमच्या वेळी माणूस पळायचा तर त्याला कारण असायचं. बैल सुटलेला असायचा, नाहीतर गुरुजी. आमच्या गावच्या शाळेत एकदा साहेब तपासणीला येणार म्हणून गुरुजींनी धावण्याची शर्यत ठेवली. चुन्यानं रेघ मारली, आम्हाला ओळीत उभं केलं आणि शिट्टी फुंकली. शिट्टी वाजली म्हणजे शाळा सुटली, एवढंच आम्हाला माहीत. आम्ही जे सुटलो ते थेट आपापल्या घरी. साहेब शेवटच्या रेघेपाशी बक्षिसाची पेन्सिल हातात धरून संध्याकाळपर्यंत उभे होते म्हणे. आता लोक हौसेनं पळतात. आपल्याच रस्त्यावरून पळतात, फिरून जिथून निघाले तिथंच येतात, आणि त्याबद्दल त्यांच्या गळ्यात मेडल घालतात. माझी काही तक्रार नाही. मला बघायला फार मजा येते.

सावकाशनं सराव केला तो घराच्या गच्चीवर, गुपचूप, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून. लोकांनी बघितलं तर हसतील ही भीती. त्यामुळे तो पळणार आहे ही गोष्ट ताईखेरीज गल्लीत कोणाला ठाऊक नव्हती. ताईला ठाऊक होती कारण तिच्या डोक्यावर छत हलत होतं. तिनंच त्याला बूट घ्यायला पिटाळलं. बूटही त्यानं चष्मा बसवतात तसे घेतले, कुठंही जराही हलू नयेत असे. दुकानदार म्हणाला, थोडे मोठे घ्या. सावकाश म्हणाला, सैल नको.

जायचा दिवस आला तोवर दवाखान्याच्या मंडळींना गळती लागली होती. डॉक्टरांकडे पाहुणे आले. कंपाउंडरचा पाय सरावाच्या पहिल्याच दिवशी, बुटाची नाडी बांधताना, मुरगळला. उरल्या सिस्टरबाई आणि सावकाश. शनिवारी दुपारी दोघं बसनं निघाले. सिस्टरबाई शहरात त्यांच्या मावशीकडे उतरल्या आणि सावकाश माझ्याकडे. मी मुलाकडे राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा कामासाठी बाहेरगावी होता, घरी मी आणि सूनबाई.

संध्याकाळी चहा पिताना सावकाशनं मला सगळं सांगितलं. म्हणजे चहा संपला, सूनबाईनं भाजी निवडली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणि त्याचं सांगून झालं. बेत असा होता की शर्यत संपली की तिथंच सिस्टरबाईंना विचारायचं. सोमवारी त्या भावाला उत्तर देणार, म्हणजे रविवार गेला की सगळं गेलं. मी म्हटलं, विचारणार काय? तो म्हणाला, तेच. मी म्हटलं, ते 'तेच' मला म्हणून दाखव. त्यानं तोंड उघडलं, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "उद्या."

इकडे आमचं हे चाललेलं, तिकडे ताईच्या गल्लीत काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे गोंधळ नको.

शनिवारी दुपारी इस्त्रीवाला सावकाशची पँट घेऊन आला तर दुकान बंद. भर दुपारी, कामाच्या दिवशी बंद. असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं खालून हाक मारून विचारलं, दुकान बंद का? ताई गॅलरीत कपडे काढत होती, तोंडात चिमटा. ती म्हणाली, "पळायला गेलाय. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंबरोबर. उद्या येईल." एवढं तिच्या मानानं भाषणच झालं. पण तोंडात चिमटा, रस्त्यावर रहदारी, आणि ऐकणारा इस्त्रीवाला. पहिल्या दोन वाक्यांनीच त्याचं इतकं समाधान झालं की तिसऱ्यासाठी तो थांबला नाही.

'पळायला गेला' आणि 'पळून गेला'. आमचे गुरुजी असते तर म्हणाले असते, बाळ, धातू एकच, प्रत्यय वेगळा. एका प्रत्ययानं माणूस खेळाडू होतो, दुसऱ्यानं कोणाची तरी बहीण घेऊन जातो. गुरुजी ह्या असल्या प्रत्ययांपायी आम्हाला बाकावर उभं करायचे. इस्त्रीवाला बहुधा त्या दिवशी शाळेत गेला नसावा. आणि त्याचा धंदाच असा की दर घरी जायचं, दार उघडेपर्यंत थांबायचं, कपडे मोजून द्यायचे. दिवेलागणीपर्यंत दोन्ही बाजूंच्या घरांत कडक इस्त्रीचे कपडे आणि ही बातमी पोचली.

मग एकेक बाई ताईकडे येऊ लागली. ताईला वाटलं, पोरगा शर्यतीत गेला म्हणून कौतुकानं विचारतायत.

एकीनं विचारलं, तुम्हाला सांगून गेला की न सांगता? ताई म्हणाली, सांगूनच. दुसरीनं विचारलं, तुम्ही अडवलं नाही? ताई म्हणाली, मीच बूट घ्यायला लावले. तिसरी जरा वयानं मोठी, तिनं हळूच विचारलं, अहो, पण ह्या वयात? ताई म्हणाली, त्यात काय, साठीचे लोकसुद्धा पळतात. ती बाई जिना उतरताना कठड्याला धरून उतरली म्हणे. एकीनं डोळे पुसून ताईचा हात हातात घेतला आणि तुमच्यासारखी आई सगळ्यांना मिळो असं म्हणाली. ताईला हे जरा जास्त वाटलं, पण तिनं त्यावर शब्द खर्च केले नाहीत.

बातमी सिस्टरबाईंच्या भावाच्या कानावर रविवारी सकाळी गेली. बहीण दवाखान्याच्या मंडळींबरोबर शर्यतीला गेलीय हे त्याला घरात सांगितलेलं होतं, त्यानं अर्ध्या कानानं ऐकलंही होतं. त्यानं गाडी काढली आणि दवाखाना गाठला. डॉक्टर तिथंच. कंपाउंडर तिथंच, पाय स्टुलावर ठेवून बसलेला. पळायला जाणारे सगळे जागच्या जागी, आणि ज्याचा पळण्याशी बापजन्मी संबंध नाही तो चष्मेवाला गायब. पुढचा हिशेब त्यानं कोणाला न विचारता एकट्यानं केला.

आता शर्यतीकडे येतो.

पहाटे उठून सावकाशनं छातीवर नंबराचा कागद लावला. चार कोपऱ्यांत चार पिना. कागद सरळ आलाय की नाही हे तो आरशात बघत राहिला. सूनबाई म्हणाली, "भाऊजी, तो पळताना वाकडाच होणार आहे." तो म्हणाला, पळायला लागेपर्यंत तरी सरळ असू दे. नवी हाफपँट त्यानं आदल्या दिवशी घडीसकट आणली होती. घडी पायांवर अशी उभी राहिली होती की तिच्यावर बोट कापावं.

मैदानावर ही गर्दी. सिस्टरबाई टोपी घालून, केस बांधून आल्या होत्या. म्हणाल्या, चष्मेवाले, आपण एकत्र पळू. सावकाशचा चेहरा उजळला. मग शिट्टी झाली आणि ते 'एकत्र' तिथंच संपलं. सिस्टरबाई गर्दीतून अशा सटकल्या की वॉर्डात कोणीतरी बेल दाबली असावी. सावकाश आधी चार लोकांना वाट देऊन मग निघाला. म्हणजे बघा, गल्लीत जी बातमी फिरत होती ती ह्या अर्थानंसुद्धा खरी नव्हती. हा माणूस सिस्टरबाईंबरोबर पळालाच नाही.

मी शेवटच्या कमानीपाशी जाऊन उभा राहिलो. कमान कापडाची, हवा भरून उभी केलेली. सिस्टरबाई पुढच्या लोकांत आल्या, लालबुंद झालेल्या. गळ्यात मेडल पडलं, केळं मिळालं. त्या माझ्याशेजारी कठड्यावर टेकल्या आणि आम्ही वाट बघू लागलो. मी त्यांना गुरुजींची शिट्टीची गोष्ट सांगितली. बैलाची सांगितली. विहिरीत पडलेल्या चपलेची सांगितली. लोक येत होते, जाड येत होते, लंगडत येत होते, लेकरू खांद्यावर घेतलेला एक बापही आला. सावकाश नाही. सिस्टरबाईंनी मेडल काढून खिशात ठेवलं. त्यांनी दोनदा उठून रस्त्यात जाऊन पाहिलं. मी म्हटलं, तो येईल, तो फक्त उशिरा येतो. त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे हो काका. किती उशिरा, एवढंच बघायचं." हे त्या शर्यतीबद्दलच बोलत होत्या, असं मी धरून चाललो.

रस्त्यावरचे अडथळे उचलले गेले. कागदी पेले झाडून एका ढिगात आले. कमानीची हवा सोडली आणि ती एका बाजूला झुकायला लागली. तेवढ्यात लांबून सावकाश दिसला, पाय ओढत. नंबराचा कागद अजून सरळ होता. खाली येणाऱ्या कमानीतून तो वाकून बाहेर पडला, आणि त्याच्यामागे ती जमिनीवर आडवी झाली. पेटी बंद करणाऱ्या माणसानं पेटी उघडून एक मेडल काढून दिलं.

काय झालं होतं, तर वाटेत एका गृहस्थांचा चष्मा पडला आणि मागच्यांच्या पायाखाली आला. काच वाचली, काडी वाकडी. सावकाशनं त्यांना फुटपाथवर बसवलं. खिशात पेचकस होताच. गरम वाळू नव्हती म्हणून एका टपरीवाल्याकडून पेलाभर कढत चहा घेतला आणि काडी त्यात बुडवली. मग मान डावीकडे, मान उजवीकडे. ते गृहस्थ म्हणाले, अहो, मला पळायचंय. सावकाश म्हणाला, पळा की, पण आधी शिंका. शिंक येईना. ती येईपर्यंत दोघं थांबले.

सिस्टरबाई हे ऐकून पोट धरून हसल्या. मग हसू थांबलं. सावकाश त्यांच्यासमोर सरळ उभा राहिला. मी कठड्याच्या पलीकडे तोंड करून झाडाकडे बघायला लागलो, अशा वेळी माणसानं जे करायचं ते. सावकाश म्हणाला, "सिस्टर, मला तुम्हाला एक," आणि सिस्टरबाईंचा फोन वाजला.

फोन भावाचा. शेजारच्या सीटवरून शिकाऊ माणसाला ओरडून सांगायची त्याला सवय, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"कुठं आहेस?"

"कुठं म्हणजे? सांगून आले होते ना, पळायला."

"ते कळलं आम्हाला. सगळ्यांना कळलंय."

"बरं झालं. आत्ताच पळून झालं."



"बरोबर कोण आहे?"

"चष्मेवाले आहेत. आणि त्यांचे मामा."

"मामासुद्धा?"

"हो, चष्मेवाले त्यांच्याकडेच उतरलेत."

"म्हणजे सगळं आधीपासून ठरवलेलं होतं."

"ठरवल्याशिवाय कसं जमेल, दादा? नाव किती आधी द्यावं लागतं."

"आता परत यायचा विचार आहे की नाही?"

"दुपारच्या बसनं येते की. पळून काय कोणी तिथंच राहतं का?"

फोन बंद झाला. सिस्टरबाई म्हणाल्या, दादा एवढ्या काळजीनं कधी विचारत नाही, आणि मेडलचं सांगायचं राहूनच गेलं. पाठोपाठ माझा फोन वाजला. ताई. म्हणाली, "लोक जमलेत. तूही ये." मी विचारलं, कशाला जमलेत? तोवर तिनं ठेवला होता. मला वाटलं, सत्कार असेल. मी स्वच्छ शर्ट घालून निघालो.

बसमध्ये ती दोघं पुढे, मी त्यांच्या मागे. बस शहराबाहेर पडेपर्यंत सिस्टरबाईंना झोप लागली. मान पुढे झुकली आणि चष्मा नाकावरून उतरू लागला. सावकाशनं तो पडायच्या आत झेलला, काड्या मिटल्या, रुमालात गुंडाळला आणि पुढचा सगळा रस्ता अंड्यासारखा तळहातावर धरून बसला. मी मागून त्याला बोटानं ढोसलं, विचार म्हटलं. तो कुजबुजला, "मामा, झोपल्यात त्या." आमचा स्टॉप आला तेव्हा त्या जाग्या झाल्या.

स्टॉपवर भाऊ गाडी घेऊन उभा. गाडीवर मागेपुढे शिकाऊची पाटी. तो मागचं दार उघडून उभा राहिला. गाडीत त्याच्या पायाशी ब्रेक होते तसे शेजारच्या सीटपुढेही होते. मी तिथं बसलो आणि वळण आलं की माझा पाय आपोआप दाबला जायचा. भाऊ माझ्याकडे बघायचा, पण वयाचा मान राखून पुन्हा रस्त्याकडे वळायचा.

ताईची खोली भरलेली नव्हती, पण जिना भरलेला होता. आत ताई, आणि कोपऱ्यात मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन इस्त्रीवाला. पँट द्यायला आलो, म्हणाला. ताईनं भावाला बसा म्हटलं. तो म्हणाला, बसायला आलो नाही. मग सावकाशकडे वळून म्हणाला, "सरळ विचारतो, सरळ सांगा. माझ्या बहिणीला तुम्ही पळवलंत?"

मला तिथं, त्या क्षणी, सगळा उलगडा झाला. लोक का जमले, फोनवर 'मामासुद्धा?' का विचारलं, सगळं. मी तोंड उघडणार होतो, पण सावकाशला प्रश्न विचारला की मध्ये बोललेलं त्याला चालत नाही. त्यानं प्रश्न मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिला, सगळ्या बाजूंनी तपासला, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही. त्यांनी मला पळवलं."

जिन्यावर कोणीतरी खाली मटकन बसलं.

"मला कुठलं जमणार," सावकाश पुढे म्हणाला, "त्या म्हणाल्या म्हणून मी. पण त्या फार पुढे होत्या. मी पोचेपर्यंत कमान काढून झाली होती."

"कसली कमान?" भाऊ म्हणाला.

तेव्हा सिस्टरबाईंना उमगलं. त्यांना हसू आलं ते असं की बोलता येईना. खिशातून मेडल काढून त्यांनी भावाच्या हातात दिलं. भावानं ते उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून इस्त्रीवाल्याकडे पाहिलं. इस्त्रीवाला "पळायला," असं हळूच म्हणाला, नवा शब्द शिकल्यासारखा. ताई म्हणाली, "मी तेच म्हटलं होतं."

भावाचा जीव भांड्यात पडला. तो चांगला माणूस आहे, त्यानं दोन्ही हात जोडून सावकाशची माफी मागितली, ताईची मागितली, माझीही मागितली, मी काही केलं नसताना. म्हणाला, म्हणजे तसं काही नाहीच तर. उगाच लोकांनी डोकं फिरवलं. मग बहिणीला म्हणाला, चल, आई घरी काळजीत बसलीय, आणि उद्या टायरवाल्यांना कळवायचंय. किल्ल्या त्याच्या हातात वाजल्या.

गंमत बघा. कालपासून आत्तापर्यंत सगळ्या गल्लीनं ह्या दोघांचं ठरवून टाकलं होतं. आईची संमती झाली होती, मामाची झाली होती, बायकांनी डोळेसुद्धा पुसले होते. सावकाशला जे इतकी वर्षं जमलं नव्हतं ते एका प्रत्ययाच्या चुकीनं झालं होतं. आणि आता खरं काय ते बाहेर आलं तर हातात एक मेडल उरलं. जिन्यावरची माणसं उतरायला लागली. आता ह्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

सावकाश खोलीच्या मधोमध उभा होता. बूट घातलेलेच होते, दारात काढायला गेला तर निघाले नव्हते.

"तसं काही नाही," तो म्हणाला.

भाऊ दारातून म्हणाला, हो हो, कळलं आम्हाला.

"तसं काही नाही," सावकाश पुन्हा म्हणाला, ह्या वेळी भावाकडे न बघता. "पण असतं, तर मला फार आवडलं असतं."

जिन्यावरचे पाय थांबले. ताईच्या हातात कपबश्यांचा ट्रे होता, तो तिनं तसाच धरून ठेवला. मी माझ्या भाच्याकडे बघत राहिलो. एवढं लांब वाक्य, आणि मध्ये पाणीसुद्धा प्यायला नाही.

 रुमालातला चष्मा सिस्टरबाईंनी बसमधून उतरताना पुन्हा लावला होता, तो काढला, पदरानं नव्हे तर शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. सावकाशपेक्षा जास्त वेळ घेणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग त्या भावाला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, रोजच्यासारख्या, "दादा, ती खुर्ची इकडे घे. ह्यांच्या पायाला फोड आलेत. ह्यांना बसू दे आधी."

आता 'ह्यांना' तर माणूस पोस्टमनलाही म्हणतो, बोट दाखवून. पण सिस्टरबाईंनी बोट दाखवलं नव्हतं, सावकाशकडे पाहिलंही नव्हतं. सकाळपासून मी त्यांच्या तोंडून 'चष्मेवाले' ऐकत होतो, दुसरं काही नाही. ताईच्या ट्रेमधली एक बशी वाजली. भाऊ बहिणीकडे बघत होता, आणि ती जमिनीवर बसून सावकाशच्या बुटाची गाठ सोडवत होती.

भावानं किल्ल्या खिशात टाकल्या. भिंतीकडची खुर्ची उचलून आणली, हातानं दाबून पाहिली. एक पाय डुगडुगत होता. ती बाजूला ठेवून त्यानं दुसरी आणली.